‘शेवटचा पेला’ : एका साक्षीचे प्रामाण्य

ऑलिव्हिए अमेझेन ह्या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञाचे ‘ल दर्निए व्हेर’ हे पुस्तक २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथील दनोएल ह्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. शीर्षकाचा सरळ अर्थ ‘शेवटचा पेला’ असा आहे. पाठोपाठ निघालेल्या इंग्रजी आवृत्तीला ‘द एंड ऑफ माय ॲडिक्शन’, म्हणजे ‘माझ्या व्यसनाचा अंत’, असे नाव देण्यात आले. ह्या दोन नावांत जे अंतर आहे ते भाषांतरकाराच्या सोयीपुरते नाही. पहिले नाव एका प्रसंगाचे आहे, दुसरे एका दाव्याचे. प्रसंग घडला की नाही हे सांगण्याचा अधिकार ज्याच्यावर तो गुदरला त्याचा असतो. दाव्याच्या बाबतीत तो अधिकार एकट्या त्याच्याकडे राहत नाही. ह्या पुस्तकाविषयी फ्रान्समध्ये आणि फ्रान्सबाहेर जो दीर्घ वाद झाला, तो बहुतांशी ह्या दोन अधिकारांची गल्लत झाल्याने झाला, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. ही गल्लत लेखकाने जशी केली तशीच त्याच्या प्रतिपक्षानेही केली.

पुस्तकाचा विषय थोडक्यात असा. अमेझेन यांचा जन्म १९५३ चा. पियानोवादनात त्यांची गती असामान्य होती. वैद्यक शिकून ते १९८३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तेथे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक झाले, पुढे त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला. बाहेरून पाहणाऱ्याला हा यशाचा चढता आलेख वाटला असता. आतून मात्र लहानपणापासून जडलेली चिंतातुरता, आपण ह्या मानाला लायक नाही ही सततची बोच, आणि त्या बोचेवर उतारा म्हणून हाती आलेले मद्य, अशी घसरण चालू होती. रुग्णालयातील वास्तव्ये, मद्यमुक्ती-मंडळाच्या बैठका, डायसल्फिरॅम, नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही मान्यताप्राप्त औषधे, सर्व करून झाले. कशानेही टिकाऊ गुण आला नाही. अखेर स्नायूंच्या ताठरपणावर दिले जाणारे बॅक्लोफेन हे जुने औषध त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर, नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पटींनी घेतले, आणि २००४ च्या आरंभी त्यांची मद्याची तलफ नाहीशी झाली. २०१३ च्या जुलैमध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले, ते हृदयविकाराने.

ज्या औषधाभोवती हे आत्मकथन फिरते त्याची ओळख करून घेतल्यावाचून त्याचे मूल्यमापन करता येणार नाही. बाझेल येथील सिबा ह्या औषध-कारखान्यात हाइन्रिख केबर्ले या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये बॅक्लोफेन प्रथम तयार केले. मेंदूतील चेतापेशींना आवर घालणारे ‘गॅबा’ नावाचे एक नैसर्गिक द्रव्य आहे. ते रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. म्हणून त्याच्या रेणूला एक मेदप्रेमी शेपूट जोडून तो मेंदूत पोचवावा आणि अपस्मार आटोक्यात आणावा, ही मूळ कल्पना होती. अपस्मारावर औषध फारसे चालले नाही. परंतु ज्यांचे हातपाय मज्जारज्जूच्या इजेमुळे किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे लाकडासारखे ताठ होतात अशा रुग्णांचा ताठरपणा त्याने सैल होतो, हे ध्यानात आले. आणि १९७० नंतरच्या दशकात ते त्याच कामासाठी रूढ झाले.

‘स्नायुशिथिलक’ हे नाव येथे काहीसे फसवे आहे. क्युरारेसारखी द्रव्ये चेतातंतू आणि स्नायू ह्यांच्या सांध्यावरच आदेश अडवितात. स्नायू धडधाकट असूनही त्याला हाक ऐकू येत नाही. बॅक्लोफेन स्नायूला स्पर्शही करीत नाही. ते मज्जारज्जूत, म्हणजे जेथून आदेश निघतो त्या ठिकाणी, अतिउत्तेजित चेतापेशींचा आवाज खाली आणते. नॉर्मन बॉवरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, हे कार्य गॅबाच्या तोवर अज्ञात असलेल्या एका निराळ्या ग्राहीमार्फत होते. ह्या ग्राहीला पुढे ‘गॅबा-बी’ असे नाव मिळाले. हा ग्राही मज्जारज्जूपुरता मर्यादित नाही. मेंदूच्या ज्या भागांतून सुखाची अपेक्षा आणि तिचा पाठलाग ह्यांचे नियमन होते तेथेही तो आहे. स्नायूंच्या औषधाचा मद्यासक्तीशी संबंध जुळण्याचे शरीरशास्त्रीय कारण हेच होय. अमेझेन यांना मात्र ह्या औषधाचे पहिले आकर्षण वाटले ते अधिक साध्या कारणाने. त्यांच्या चिंतेबरोबर अंगही आखडत असे. मन सैल होत नसेल तर निदान अंग सैल व्हावे, ही अपेक्षा एखाद्या थकलेल्या माणसाची आहे, संशोधकाची नव्हे. आणि पुस्तकाचा प्रामाणिकपणा असा की, ती लेखकाने झाकून ठेवलेली नाही.

औषध आणि मद्य ह्यांचा संबंध अमेझेन यांनी शोधून काढला असा एक समज त्यांच्या चाहत्यांत आहे. तो बरोबर नाही. सार्डिनियातील काल्यारी येथे जान लुईजी जेस्सा, जानकार्लो कोलोम्बो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मद्याची आवड असलेल्या उंदरांची एक जातच पैदाशीने तयार केली होती. बॅक्लोफेन दिल्यावर ह्या उंदरांचे मद्यपान घटते, असे त्यांनी २००० साली प्रसिद्ध केले. रोम येथील जोव्हान्नी अद्दोलोरातो यांनी त्याच सुमारास तो प्रयोग माणसांवर सुरू केला. २००२ मध्ये त्यांनी ३९ रुग्णांवर एक महिन्याचे परीक्षण केले. दररोज ३० मिलिग्रॅम बॅक्लोफेन घेणाऱ्या २० जणांपैकी १४ जण महिनाभर मद्यापासून दूर राहिले. निर्गुण गोळी घेणाऱ्या १९ जणांपैकी केवळ ४. अमेझेन यांचे स्वतःचे योगदान मात्रेविषयीचे आहे. उंदरांमध्ये परिणाम मात्रेबरोबर वाढत जातो, आणि एका पातळीच्या वर मद्याची प्रेरणाच लोपते, असे त्यांनी वाचले. मग माणसांची मात्रा ३० मिलिग्रॅमपाशी का थांबावी, असा प्रश्न त्यांनी केला. प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर मिळविण्यासाठी केलेला हिशेब तितका उत्तम नव्हता. उंदराला टोचून दिलेली, वजनाच्या दर किलोमागे इतके मिलिग्रॅम, अशी मात्रा माणसाच्या वजनाला गुणून मानवी मात्रा मिळत नाही. लहान प्राण्याचे शरीर औषध कितीतरी वेगाने निकालात काढते. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात हिशेब केल्यास उंदराच्या मात्रेला सुमारे सहाने भागावे लागते. सदोष अनुमानाने माणूस कधीकधी योग्य दारापाशी पोचतो. परंतु दार सापडले म्हणून अनुमान निर्दोष ठरत नाही. आणि पुस्तकात हे अनुमान अखेरपर्यंत निर्दोष मानून चालविले आहे.

पुस्तकाच्या आधी अमेझेन यांनी एक छोटा लेख लिहिला होता. ‘अल्कोहोल अँड अल्कोहोलिझम’ ह्या नियतकालिकात २००५ मध्ये आलेले हे चार पानांचे रुग्णवृत्त पुस्तकाशेजारी ठेवून वाचले पाहिजे, कारण लेखक तोच, घटना त्याच, परंतु बोलण्याची रीत वेगळी. वैद्यकीय नियतकालिकांची भाषा कर्त्याला लपविणारी असते. ‘रुग्णाला औषध देण्यात आले’, ‘असे आढळून आले’, अशा वाक्यांतून वैद्य अदृश्य होतो आणि रुग्ण एक वय व एक लिंग ह्यांपुरता उरतो. ह्या लेखात मात्र वैद्य आणि रुग्ण एकच असल्याने कर्तरी ‘मी’ उघडपणे उभा राहिला आहे. आपण मद्यावलंबी वैद्य आहोत, हे त्याने स्वतःच्या नावानिशी, व्यवसायबंधूंच्या समक्ष लिहिले. ह्या एका वाक्याला जे धैर्य लागते त्याची कल्पना वैद्यकीय पेशातील प्रतिष्ठेचे नियम ज्याला ठाऊक आहेत त्यालाच येईल. पुढचा तपशील कोरडा आहे. आरंभ दररोज ३० मिलिग्रॅमने. दर तिसऱ्या दिवशी २० मिलिग्रॅमची वाढ. तलफ उसळल्यास वर आणखी २० ते ४०. ३७ दिवसांनी २७० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ३.६. तेथे पोचल्यावर, मद्यपी आयुष्यात प्रथमच, कोणताही प्रयास न करता अवलंबनाची सर्व लक्षणे मावळली. झापड येत होती, ती मात्रा १२० वर आणताच गेली. आणि त्या मात्रेवर आठ महिने गेले. शेवटी लेखक म्हणतो की, ह्या उपायाचे वैद्यकीय देखरेखीखाली, यदृच्छ विभागणीच्या परीक्षणांतून परीक्षण व्हावे.

हे चार पानी वृत्त आपल्या परीने निर्दोष आहे. एका माणसाला काय झाले हे ते सांगते आणि इतरांविषयी विचारणा करून थांबते. पुस्तक तेथे थांबत नाही.

औषधाचा प्रयोग स्वतःवर करण्याची परंपरा वैद्यकात जुनी आहे, आणि स्नायुशिथिलकांच्या इतिहासात तिचे एक नमुनेदार उदाहरण आहे. १९४० नंतर क्युरारे शस्त्रक्रियागृहात आले, तेव्हा ते स्नायू सैल करण्याबरोबर शुद्धही हरपते काय, ह्याविषयी मतभेद होते. निश्चल पडलेला रुग्ण काहीच सांगू शकत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. युटा विद्यापीठातील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःला ट्यूबोक्युरारीन टोचवून घेतले. श्वासोच्छ्वास बंद पाडण्यास लागते त्याच्या अडीचपट मात्रा त्याला देण्यात आली. सहकारी कृत्रिम श्वास देत राहिले. भुवई हलविता येत होती तोवर त्याने खुणांनी उत्तरे दिली. मग तेही थांबले. औषध उतरल्यावर त्याने त्या अवधीत खोलीत काय बोलले गेले, कोठे काय टोचले, हे सर्व सांगितले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या एका माणसाच्या साक्षीने प्रश्न निकालात निघाला. शंभर रुग्णांचे परीक्षण तेथे अधिक काही सांगू शकले नसते.

असे का व्हावे? कारण प्रश्नच असा होता की, ज्याचे उत्तर आतूनच मिळावे. क्युरारेने शुद्ध हरपते, हा सर्वसाधारण सिद्धान्त होता. तो खोडून काढण्यास शुद्धीवर राहिलेला एकच माणूस पुरेसा होता. अमेझेन यांची साक्षही इतके काम निश्चित करते. मद्यावलंबनाची तलफ औषधाने कधीच समूळ जात नाही, माणसाने जन्मभर तिच्याशी झुंजत राहणे एवढेच हाती असते, हा तोवरचा जवळजवळ सर्वमान्य समज होता. तलफ एका माणसाची तरी गेली, इतके म्हणण्याचा अधिकार त्या माणसाला आहे, आणि तो कोणत्याही आकडेवारीने हिरावून घेता येत नाही. मात्र ‘एकाची गेली’ येथून ‘सर्वांची जाईल’ येथे जाणारी वाट साक्षीच्या प्रदेशातून जात नाही. आपल्या दर्शनकारांनी आप्तवाक्याला प्रमाण मानले ते आप्ताने जे स्वतः जाणले तेवढ्यापुरते. स्मिथने दुसऱ्या कोणाच्या शुद्धीविषयी काही सांगण्याची गरज नव्हती. अमेझेन यांना ती भासली, कारण ते बरे झाले होते आणि इतर बरे होत नव्हते. ह्या घाईमागची करुणा समजण्यासारखी आहे. तिने युक्तिवादाचे काम भागत नाही.

साहित्यकृती म्हणून पाहता पुस्तकाचे बळ पूर्वार्धात आहे. मद्यपी माणसाच्या आत्मकथनांत दोन खोटे सूर सहज लागतात : एक, पतनाचे रसभरित वर्णन, दुसरा, पश्चात्तापाचे प्रदर्शन. अमेझेन यांनी दोन्ही बऱ्याच अंशी टाळले आहेत, आणि त्याचे कारण त्यांच्या पेशात आहे. स्वतःच्या अधोगतीकडे ते निदानाच्या दृष्टीने पाहतात. चिंता आधी की मद्य आधी, ह्या प्रश्नाचा ते पुनःपुन्हा पाठपुरावा करतात आणि चिंता आधी असे उत्तर देतात. उपचार करणाऱ्यांनी मद्य आधी सोडा, चिंतेचे मग पाहू, असे सांगावे, आणि चिंतेनेच माणसाला पेल्याकडे परत ढकलावे, हे चक्र त्यांनी इतक्या स्पष्टपणे मांडले आहे की, केवळ तेवढ्यासाठीही हे पुस्तक व्यसनोपचाराच्या विद्यार्थ्यांनी वाचावे. रुग्णाला इच्छाशक्ती नाही असा ठपका ज्या संस्थांनी व ज्या सद्‌भावनेने ठेवला जातो, तिचा अनुभव घेणारा येथे स्वतः वैद्य आहे. खाटेच्या दोन्ही बाजूंचे दृश्य त्याने पाहिले आहे.

उत्तरार्धात कथनाचा घाट बदलतो. पतन, अंधारी रात्र, अकस्मात लाभलेला प्रसाद, आणि मग प्रचाराची प्रतिज्ञा, हा साक्षात्कारकथेचा घाट आहे. संतचरित्रांतून तो मराठी वाचकाच्याही परिचयाचा आहे. औषधशास्त्राला तो मानवत नाही. मूळ वृत्तातील तलफ वीस-वीस मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी, सदतीस दिवसांत उतरली. मधल्या टप्प्यांत तिच्याशी झुंजणे ‘सोपे’ होत गेले, एवढेच वृत्त म्हणते. साक्षात्काराच्या घाटात ह्या पायऱ्या पुसट होतात आणि उंबरठा तेवढा उजळून निघतो. एका विशिष्ट मात्रेच्या अलीकडे व्यसन, पलीकडे मुक्ती. आणि प्रत्येकाचा उंबरठा निराळा. येथे पुस्तकातील सर्वात धोक्याचा विचार हळूच आत येतो. ज्याला गुण आला त्याचा उंबरठा ओलांडला गेला. ज्याला आला नाही त्याची मात्रा अजून अपुरी आहे. अशा मांडणीला कोणताही रुग्ण खोटे पाडू शकत नाही. जो सिद्धान्त खोटा ठरण्याची शक्यताच ठेवीत नाही तो विज्ञानाच्या वर्गात बसत नाही, ही तात्त्विक हरकत येथे गौण समजावी. व्यवहारात ह्या मांडणीचा अर्थ मात्रा वाढवीत राहा असा होतो, आणि ती वाढविली गेलीही.

पुस्तक निघाल्यानंतर फ्रान्समध्ये रुग्ण ते काखेत घेऊनच वैद्याकडे जाऊ लागले, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. औषध जुने, स्वस्त, एकस्वाबाहेरचे आणि बाजारात उपलब्ध होते. त्याला मद्यासक्तीसाठी मान्यता नव्हती एवढेच. फ्रान्सच्या औषध-नियामक संस्थेने २०१४ च्या मार्चमध्ये तात्पुरती अनुमती दिली, तीत कमाल मर्यादा दररोज ३०० मिलिग्रॅम ठेवली होती. ताठरपणासाठी सामान्यतः ८० च्या पुढे जात नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे वजन कळते. पुढे राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या नोंदींवरून मोठी पाहणी झाली. तीत सुमारे १ लाख ६५ हजार रुग्ण होते, पैकी सुमारे ४७ हजार बॅक्लोफेन घेणारे. मद्यासक्तीवरील इतर औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत दररोज १८० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका २.२७ पट आढळला. २०१७ च्या जुलैमध्ये मर्यादा ८० वर आणण्यात आली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रीतसर मान्यता मिळाली तीही त्याच मर्यादेत. पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे पडले की, अधिक मात्रा लागते तो रुग्णच अधिक आजारी असतो, तेव्हा मृत्यूचे खापर औषधावर फोडू नये. निरीक्षणात्मक पाहणीच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे. परंतु बॅक्लोफेन बहुतांशी मूत्रपिंडांवाटे जसेच्या तसे बाहेर पडते; मूत्रपिंडे दुबळी असल्यास ते साठते; मद्याबरोबर ते झापड वाढविते, फार झाल्यास श्वास मंदावतो; आणि एकाएकी बंद केल्यास झटके व भ्रम होतात. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्या, औषध विसरणाऱ्या, कधी निराशेने सगळ्या गोळ्या एकदम घेणाऱ्या रुग्णाच्या हाती हे द्रव्य मोठ्या मात्रेत देणे आणि एका सावध हृदयरोगतज्ज्ञाने ते स्वतः मोजून घेणे, ह्या दोन गोष्टी सारख्या नव्हेत.

परीक्षणांनी वाद मिटला असता, तो वाढला. अद्दोलोरातो यांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिऱ्होसिस झालेल्या ८४ रुग्णांचा अहवाल दिला : ३० मिलिग्रॅमवर ४२ पैकी ३० जण मद्यापासून दूर, निर्गुण गोळीवर ४२ पैकी १२. अमेरिकेत गार्बट आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये त्याच मात्रेत ८० रुग्णांत मद्यपानाच्या बाबतीत काहीच फरक आढळला नाही. बर्लिनमध्ये ५६ रुग्णांना २७० पर्यंत मात्रा देऊन २०१५ मध्ये ठळक फरक दिसला. नेदरलँड्समध्ये १५१ रुग्णांत १५० पर्यंत जाऊनही २०१६ मध्ये तो दिसला नाही. फ्रान्समधील ‘अल्पादिर’ परीक्षणात ३२० रुग्णांना १८० हे लक्ष्य ठेवून औषध दिले. सलग मद्यत्याग ११.९ टक्के विरुद्ध १०.५ टक्के. तेवढ्याच संख्येच्या ‘बॅक्लोव्हिल’ परीक्षणात ३०० पर्यंत मुभा होती, आणि २०१७ मध्ये जाहीर झालेले यश ५६.८ विरुद्ध ३६.५ टक्के असे होते. मात्र त्याच्या आकडेमोडीच्या पद्धतीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. ह्या आकड्यांवरून दोन्ही पक्षांनी आपापला विजय घोषित केला.

ह्या परीक्षणांविषयी एक गोष्ट पुरेशा स्पष्टपणे बोलली जात नाही. बहुतेकांनी मोजला तो मद्यत्याग : किती दिवस घेतली नाही, पहिली पुन्हा केव्हा घेतली, किती घेतली. अमेझेन यांचा दावा मद्यत्यागाचा नव्हता. तो उदासीनतेचा होता. हा त्यांचा स्वतःचा शब्द असून पुस्तकाचा खरा नायक तोच आहे. आपल्याकडे ‘उदासीन’ हा शब्द हल्ली खिन्न ह्या अर्थी खर्चला जातो; मूळ अर्थ बाजूला बसलेला, ज्याचा पक्ष कोणत्याच अंगाला नाही असा. पेला समोर आहे, घेण्यास मनाई नाही, आणि घ्यावासा वाटत नाही. निग्रहाने विषय सोडणे आणि विषयाची गोडीच जाणे ह्यांतील भेद भारतीय विचाराला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे, आणि दुसरी अवस्था दीर्घ साधनेचे फळ मानली गेली आहे. ती एका गोळीने मिळते, असे हे पुस्तक सांगते. मद्यमुक्ती-मंडळांची सारी उभारणी पहिल्या अवस्थेवर आहे. तेथे माणूस बरा होत नाही, एकेक दिवस राखतो. अमेझेन यांना तीच गोष्ट असह्य झाली होती. तेव्हा ‘अल्पादिर’मध्ये मद्यत्यागाचे प्रमाण वाढले नाही, येथवर त्या परीक्षणाचा निष्कर्ष बिनतोड आहे, उदासीनता उत्पन्न झाली नाही असे त्यावरून म्हणायचे तर तलफेची मापे वेगळी पाहावी लागतात.

ती मापे अस्तित्वात आहेत. तलफ प्रश्नावलीने मोजली जाते : गेल्या आठवड्यात मद्याचा विचार किती वेळ मनात होता, तो बाजूला सारणे किती कठीण गेले, अशा प्रश्नांना अंक दिले जातात. ह्या पद्धतीविषयी असमाधान वाटणे साहजिक आहे. ज्याला मद्याची आठवणच येत नाही त्याला दर आठवड्याला आठवण आली काय असे विचारणे, हे थोडे विनोदीही आहे. तथापि अमेझेन यांचा अनुभवही शेवटी त्यांच्या कथनातूनच कळतो. कथनाला अंक लावले म्हणून ते कथन राहत नाही असे नाही. तेव्हा रुग्णांच्या साक्षी एकेक करून मोजल्या, तर काय दिसते, हा प्रश्न योग्यच आहे, आणि अमेझेन यांच्या बाजूच्या लोकांनी तो टाळण्याचे कारण नव्हते.

कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये १२ परीक्षणांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा निर्गुण गोळीहून औषध सरस ठरले नव्हते. २०२३ च्या सुधारित आढाव्यात १७ परीक्षणे आणि १,८१८ रुग्ण होते. ह्या वेळी निष्कर्ष काहीसा बदलला : बॅक्लोफेनने पुन्हा पिण्याकडे वळण्याचा धोका कमी होतो आणि मद्याविना गेलेल्या दिवसांचे प्रमाण वाढते, आधीच मद्य थांबविलेल्या रुग्णांत हा गुण अधिक दिसतो. तलफेच्या मापांत मात्र स्पष्ट फरक मिळाला नाही, चिंतेच्याही नाही. म्हणजे पुस्तकाने ज्या मद्यत्यागाला दुय्यम मानले त्याच्या बाजूने बॅक्लोफेनला बेताचा पुरावा मिळाला, आणि ज्या दोन गोष्टींसाठी पुस्तक लिहिले गेले, तलफेचा लोप आणि चिंतेपासून सुटका, त्यांच्या बाजूने सरासरीत तो मिळाला नाही. औषधाला मान्यता देणारे आणि नाकारणारे दोघेही आज मद्यत्यागाच्या दिवसांविषयी बोलतात.

सरासरीत न दिसणारी गोष्ट एखाद्या लहान गटात असू शकते, हे खरे. अमेरिकेतील वैद्य विल्यम बक्नम यांनी २००७ मध्ये मोठ्या मात्रेने तलफ शमलेल्या आणखी एका रुग्णाचे वृत्त दिले होते. गार्बट यांच्या परीक्षणातही मद्यपान घटले नसले तरी चिंता घटलेली दिसली होती. जन्मतः चिंतातुर, अंग आखडणारा, चिंतेवर उतारा म्हणून मद्याकडे वळलेला असा जो रुग्ण अमेझेन यांनी पूर्वार्धात स्वतःच्या रूपाने रेखाटला आहे, त्या वर्णनाचे रुग्ण आधी निवडून, ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेत, मद्यत्यागाऐवजी तलफ हाच मुख्य निकष ठेवून परीक्षण केले, तर पूर्वार्धाची साक्ष उत्तरार्धाच्या दाव्याला कितपत आधार देते हे कळू शकेल. २००५ च्या चार पानांच्या शेवटी अशाच परीक्षणाची मागणी होती. तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकात ती मागणी आहे, परंतु तिच्या उत्तराची वाट पाहण्याची तयारी त्यात नाही.